वाचकांचे प्रश्न : सुधारित विवरणपत्र भरले, पण परतावा अडला

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून नागपुरात मानेवाडा भागात राहतो. आकारणी वर्ष २०२४-२५ चे (म्हणजे २०२३-२४ मधील उत्पन्नाचे) माझे आयकर विवरणपत्र मी जुन्या करप्रणालीनुसार २६ जुलै २०२४ रोजी भरले. करपात्र उत्पन्न ७,६०,००० रुपये, त्यावरील कर ६४,४८० रुपये आणि कापला गेलेला कर ७०,६९० रुपये असल्यामुळे ६,२१० रुपयांचा परतावा सप्टेंबरमध्ये खात्यात जमाही झाला. दिवाळीनंतर कपाट आवरताना एका बँकेतील मुदत ठेवीवरील ६२,००० रुपयांचे व्याज आणि त्यातून कापलेला ६,२०० रुपयांचा कर विवरणपत्रात दाखवायचा राहिल्याचे लक्षात आले. शिवाय पत्नीच्या आजारपणावर बँकेतून भरलेल्या ५०,००० रुपयांची वजावट मी घेतलीच नव्हती. आम्हा दोघांचा आरोग्य विमा नाही. २४ डिसेंबर २०२४ रोजी मी सुधारित विवरणपत्र भरून त्याच दिवशी आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. आता जून २०२५ उजाडला, तरी संकेतस्थळावर पडताळणी झाल्याच्या नोंदीपुढे काहीच सरकलेले नाही. शहरातील एका कार्यालयात दोनदा जाऊन आलो, तर तेथून बंगळुरूकडे बोट दाखवण्यात आले. शेजारचे एक गृहस्थ पुन्हा एकदा सुधारित विवरणपत्र भरा म्हणतात, तर एक परिचित सल्लागार दुरुस्तीचा अर्ज करा म्हणतात. मी नेमके काय करावे?

उत्तर : आपण आकडे आणि तारखा नीट कळवल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. अशा पत्रांत बहुतेक वेळा ‘रिफंड आला नाही’ एवढेच लिहिलेले असते आणि मग उत्तर देणाऱ्याला अंदाजाने चालावे लागते.

सर्वप्रथम मनातील एक शंका दूर करू. मूळ विवरणपत्राचे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४३(१) खालील सूचनापत्र, म्हणजे विवरणपत्र तपासून पाठवलेला हिशेब, येऊन परतावा मिळाल्यानंतर सुधारित विवरणपत्र भरता येते का, असे अनेकांना वाटते. ते भरता येते. कलम १३९(५) नुसार संबंधित आकारणी वर्ष संपण्याच्या तीन महिने आधीपर्यंत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, किंवा आकारणी पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर ही मुभा आपल्या आकारणी वर्षासाठी होती, आणि संगणकाने काढलेले १४३(१) चे सूचनापत्र ही त्या अर्थाने आकारणी नव्हे. आपले विवरणपत्र मुदतीत आहे, त्याची पडताळणीही त्याच दिवशी झालेली आहे, त्यामुळे मूळ विवरणपत्राची जागा आता त्याने घेतली आहे. राहिलेले व्याज आपण स्वतःहून दाखवले हेही योग्यच झाले, कारण ते व्याज बँकेने कळवल्यामुळे वार्षिक माहिती विवरणात दिसतच असणार आणि आज ना उद्या त्याबद्दल विचारणा झालीच असती.

आता हिशेब पाहू. व्याज मिळवून आणि वजावट वजा करून आपले उत्पन्न ७,७२,००० रुपये होते व त्यावरील कर उपकरासह ६६,९७६ रुपये होतो. कापला गेलेला एकूण कर ७६,८९० रुपये असल्यामुळे परतावा ९,९१४ रुपये, म्हणजे दहाच्या पटीत ९,९१० रुपये निघतो. यातून आधी मिळालेले ६,२१० रुपये वजा जाऊन आपल्याला ३,७०० रुपये मिळायला हवेत. ही वजाबाकी विवरणपत्रांवर प्रक्रिया करणारे बंगळुरूचे केंद्र स्वतः करते. काही जण आधीचा परतावा विवरणपत्रातच कुठेतरी वजा करून दाखवतात आणि नवाच घोळ निर्माण करतात, तसे आपण केले नसावे अशी आशा आहे.

येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा परतावा कमी असेल, तर त्यावर कलम २४४अ खालील व्याज मिळत नाही. आपला पहिला परतावा ६४,४८० रुपयांच्या दहा टक्क्यांपेक्षा थोडक्यात कमी पडला, म्हणून तो बिनव्याजी आला. सुधारित परतावा मात्र दहा टक्क्यांच्या पलीकडे जातो आणि मूळ विवरणपत्र मुदतीत भरलेले असल्यामुळे १ एप्रिल २०२४ पासून दरमहा अर्धा टक्का दराने सरळव्याज मागता येते. एकट्या ३,७०० रुपयांवर जून २०२५ अखेरपर्यंतच्या पंधरा महिन्यांचे व्याज सुमारे २७७ रुपये होते. ही रक्कम मोठी नाही, परंतु ती मिळाल्यावर त्या वर्षीच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवायला विसरू नये, नाहीतर पुढच्या वर्षी याच कारणासाठी पुन्हा सुधारित विवरणपत्र भरण्याची वेळ येते.

विलंब कशामुळे झाला असेल, हे आपल्या पत्रातूनच बरेचसे ताडता येते. बँक खाते संकेतस्थळावर आधी प्रमाणित करून घेतलेले नसणे, बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी क्रमांक बदलणे, पॅन आधारशी जोडलेले नसल्यामुळे निष्क्रिय होणे, ही परतावा अडण्याची नेहमीची कारणे आहेत. आपल्याला सप्टेंबरमध्ये एक परतावा मिळाला आहे आणि डिसेंबरमध्ये आधारचा ओटीपीही चालला आहे, त्यामुळे मधल्या काळात खाते बंद केले नसेल तर ही कारणे बाजूला ठेवता येतील. उरतात त्या तीन गोष्टी.

पहिली आणि सर्वाधिक संभवणारी गोष्ट म्हणजे त्या ६,२०० रुपयांची नोंद. आपण दाखवलेला कापलेला कर केंद्राला सव्वीस एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या वार्षिक विवरणात, दिसला, तरच तो आपल्या नावे धरला जातो. बँकेने आपल्या तिमाही विवरणात पॅनचा एखादा अंक चुकवला असेल किंवा ठेव संयुक्त नावाने असल्यामुळे कर पत्नीच्या पॅनवर नोंदला गेला असेल, तर आपले विवरणपत्र आणि सव्वीस एएस यांचा मेळ बसणार नाही. सव्वीस एएस आजच उघडून त्या बँकेच्या नावापुढे नेमकी हीच रक्कम आहे का, हे पाहावे. नसेल, तर इलाज आयकर विभागाकडे नसून बँकेकडे आहे. शाखा व्यवस्थापकांना लेखी पत्र देऊन करकपातीचे दुरुस्ती विवरण भरण्याची विनंती करावी आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले काम शाखेतील माणूस बदलला की विसरले जाते, हा अनुभव नागपुरातच काय, सगळीकडे सारखाच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जुनी थकबाकी. आपल्या पॅनवर एखाद्या जुन्या वर्षाची मागणी उभी असेल, तर कलम २४५ खाली परतावा त्यात वळता करण्यापूर्वी सूचना दिली जाते आणि उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. ही सूचना ईमेलवर येते, आणि ज्या ईमेलवर ती येते तो अनेक वेळा पहिले विवरणपत्र भरून देणाऱ्या एजंटचा असतो. संकेतस्थळावर ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’ या भागात थकीत मागणीला उत्तर देण्याची सोय आहे, तेथे आपल्या नावे काही दिसते का ते पाहावे. मागणी मान्य नसेल, तर नुसते गप्प न बसता ‘अमान्य’ असे कारणासह नोंदवावे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पानंतर आकारणी वर्ष २०१०-११ पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ या वर्षांच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या एका करदात्यामागे एकूण एक लाखाच्या मर्यादेत माफ झाल्या आहेत, त्यामुळे फार जुन्या भुताची भीती बहुतेकांना उरलेली नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे छाननी. सुधारित विवरणपत्रात नवी वजावट घेऊन परतावा वाढवला की यंत्रणा तो दावा अधिक बारकाईने तपासू शकते. कलम ८०ड खालील वैद्यकीय खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकासाठी आहे आणि तो खर्च रोखीने केलेला चालत नाही. आपल्या पत्नीचे वय साठ किंवा त्याहून अधिक असेल आणि पैसे बँकेतून गेले असतील, तर दावा पक्का आहे. रुग्णालयाची व औषधांची बिले आणि बँकेचा उतारा एका फाइलमध्ये लावून ठेवावा. आपले सुधारित विवरणपत्र आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये भरलेले असल्यामुळे छाननीची १४३(२) ची नोटीस पाठवण्याची मुदत ३० जून २०२५ ला संपते. संकेतस्थळावरील ‘ई-प्रोसीडिंग्ज’ या भागात तोवर काही आले नाही, तर ही शक्यताही मावळेल.

आता शेजाऱ्यांचा सल्ला. पुन्हा सुधारित विवरणपत्र भरण्याची वेळ निघून गेली आहे. आकारणी वर्ष २०२४-२५ साठी निवासी व्यक्तींना ३१ डिसेंबरऐवजी १५ जानेवारी २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती, तीही संपली. मुदत असती तरी मी हा सल्ला मानू नये असेच म्हटले असते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाने जागा सोडून पुन्हा मागे जाऊन उभे राहण्यासारखे ते आहे.

दुरुस्ती अर्जाचा सल्ला देणाऱ्यांची गल्लत वेगळी आहे. कलम १५४ खालील दुरुस्ती ही सूचनापत्रातील किंवा आदेशातील, कागदावरून उघड दिसणाऱ्या चुकीसाठी असते. सुधारित विवरणपत्राचे सूचनापत्र अद्याप निघालेलेच नाही, तेव्हा दुरुस्ती कशाची करणार? आणि मूळ सूचनापत्रावर अर्ज केला, तर त्यात चूक काहीच नाही, कारण वैद्यकीय खर्चाची वजावट आपण तेथे मागितलीच नव्हती. विवरणपत्रात न मागितलेली सवलत आकारणी अधिकाऱ्याला नुसत्या पत्रावरून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये गोएट्झे (इंडिया) लिमिटेडच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणूनच आपण निवडलेला सुधारित विवरणपत्राचा मार्गच बरोबर होता. पुढे सूचनापत्र आले आणि त्यात ६,२०० रुपये धरले गेले नाहीत, तर मात्र सव्वीस एएस मधील नोंद दुरुस्त करून घेतल्यानंतर हाच दुरुस्ती अर्ज उपयोगी पडेल. त्यासाठी सूचनापत्र ज्या आर्थिक वर्षात निघेल, ते संपल्यापासून चार वर्षे मिळतात, त्यामुळे घाई नसते.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील आयकर कार्यालयांत उन्हातान्हात खेटे घालण्याबद्दलही दोन शब्द लिहितो. विवरणपत्रांवर प्रक्रिया बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात होते, आणि प्रकरण तेथून स्थानिक आकारणी अधिकाऱ्याकडे सोपवले जाईपर्यंत येथील अधिकाऱ्याच्या हाती फारसे काही नसते. संकेतस्थळावर तसे हस्तांतर झाल्याची नोंद दिसली, तरच आपल्या प्रभागाच्या अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा आणि आयकर सेवा केंद्राच्या खिडकीवर पोच घ्यावी. तोवर चकरा मारून पाय दुखतील, काम होणार नाही.

मग करावे काय? कायद्याने केंद्राला दिलेली मुदत आधी लक्षात घ्यावी. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले, ते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत सूचनापत्र पाठवावे लागते, म्हणजे आपल्या बाबतीत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. सहा महिने वाट पाहणे त्रासाचे असले तरी कायद्याच्या दृष्टीने अजून उशीर झालेला नाही, हे मान्य करावे लागेल. याचा अर्थ हातावर हात ठेवून बसावे असा नाही. वरील तिन्ही गोष्टी तपासून झाल्यावर ई-फाइलिंग संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, तिला ई-निवारण असे नाव आहे. तक्रार नोंदवताना विभाग म्हणून विवरणपत्रांचे प्रक्रिया केंद्र निवडावे आणि मजकूर आठ-दहा ओळींत आटोपावा. त्यात दोन्ही विवरणपत्रांचे पोचपावती क्रमांक व तारखा, पडताळणीची तारीख, आधी मिळालेला परतावा, आता येणे असलेली रक्कम आणि सव्वीस एएस शी मेळ असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. आपल्या त्राग्याला तेथे जागा देऊ नये. वाचणारा कर्मचारी आकडे शोधत असतो. सोबत सव्वीस एएस ची प्रत जोडावी आणि तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. माझ्या मते कार्यालयाच्या दहा फेऱ्यांपेक्षा तो एक क्रमांक मोलाचा असतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्याच्यावर उभी राहते. १८०० १०३ ००२५ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून सद्यःस्थितीही विचारता येते, मात्र फोनवरील संभाषण आपल्या हाती कागद देत नाही.

ई-निवारणावर ‘आपले विवरणपत्र प्रक्रियेत आहे’ असे ठरीव उत्तर येऊन तक्रार बंद होण्याची शक्यता मी नाकारत नाही. तसे झाल्यास केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार संकेतस्थळावर, आधीच्या तक्रारीचा क्रमांक देऊन, नवी तक्रार करावी. ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेथे तक्रार २१ दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे, आणि उत्तर पटले नाही तर अपील करता येते. जुन्या वाचकांना आयकर लोकपाल आठवत असतील. ते पद २०१९ मध्ये बंद झाले, त्यामुळे त्यांच्या नावे पत्र पाठवू नये. माहिती अधिकारात दहा रुपये भरून आपल्या विवरणपत्रावरील कार्यवाहीची नोंद मागता येते, परंतु त्यातून माहिती मिळते, परतावा नव्हे.

३१ डिसेंबर उलटूनही सूचनापत्र आले नाही तर काय, हा प्रश्न आपल्या मनात असणारच. पूर्वी काही वर्षांच्या अडकलेल्या परताव्यांसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने आदेश काढून ही मुदत शिथिल केली होती. म्हणूनच ऑक्टोबरपर्यंत हालचाल दिसली नाही, तर दुसरी तक्रार तेव्हाच करून ठेवावी, मुदत संपण्याची वाट पाहू नये. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करण्याचा मार्ग कायद्याने मोकळा आहे, पण ३,७०० रुपयांसाठी तो म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

प्रश्न : मी मिहानमधील एका कंपनीत नोकरी करते. आकारणी वर्ष २०२४-२५ साठी मूळ विवरणपत्र जुलैत भरले, पण जुन्या प्रणालीत असूनही घरभाड्याची दीड लाखाची सूट घ्यायची राहिली. २८ डिसेंबर २०२४ ला सुधारित विवरणपत्र भरले, मात्र घरच्या लग्नाच्या गडबडीत पडताळणी राहून गेली, ती मी ९ फेब्रुवारीला केली. आता सुधारित विवरणपत्र अवैध ठरल्याचे दिसते. ३१,२०० रुपयांवर पाणी सोडायचे का?

उत्तर : ताई, पाणी सोडण्याची गरज नाही, पण आपली चूक वरच्या पत्रापेक्षा अधिक महागाची आहे. १ ऑगस्ट २०२२ पासून विवरणपत्राच्या पडताळणीसाठी १२० ऐवजी ३० दिवसच मिळतात. या ३० दिवसांत पडताळणी झाली, तर विवरणपत्र भरल्याची तारीख कायम राहते. त्यानंतर झाली, तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख मानली जाते. आपले ३० दिवस २७ जानेवारीला संपले, म्हणून आपण ९ फेब्रुवारीला सुधारित विवरणपत्र भरले असे धरले गेले, आणि तोवर १५ जानेवारीची वाढीव मुदतही उलटली होती. त्यामुळे आपले मूळ विवरणपत्रच कायम राहिले.

येथे कलम ११९(२)(ब) उपयोगी पडते. खऱ्या अडचणीमुळे मुदत चुकलेल्या करदात्याला विलंबमाफी देण्याचा अधिकार या कलमाने मिळतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक ११/२०२४ नुसार एक कोटी रुपयांपर्यंतच्या परताव्याच्या दाव्यासाठी विलंबमाफीचा निर्णय प्रधान आयकर आयुक्त किंवा आयकर आयुक्त घेतात. आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत हा अर्ज करता येतो आणि तो शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावा असे परिपत्रकात म्हटले आहे. संकेतस्थळावरील ‘सर्व्हिसेस’ या भागात विलंबमाफीची विनंती नोंदवता येते. तेथे पडताळणीतील विलंब आणि विवरणपत्रातील विलंब असे वेगळे पर्याय आहेत. आपण पडताळणीच्या विलंबाचा पर्याय निवडावा.

कारण लिहिताना ‘लग्नाची गडबड’ एवढ्यावर थांबू नये. त्या काळात कोण आजारी होते, कोणत्या तारखांना प्रवास झाला, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलला होता का, जे खरे असेल ते पुराव्यासह मांडावे. नसलेले कारण रचू नये. भाडेकरार, भाड्याच्या पावत्या आणि भाडे बँकेतून गेल्याचा उतारा सोबत ठेवावा, आणि वार्षिक भाडे एक लाखाहून अधिक असल्यास घरमालकाचा पॅन नक्की द्यावा. माफी मिळाली तरी अशा उशिराच्या दाव्यावर व्याज मिळत नाही.

प्रश्न : माझे इतवारीत छोटे दुकान आहे. एक एजंट म्हणतो की, सुधारित विवरणपत्राची तारीख गेली तरी ‘अपडेटेड रिटर्न’ भरून मागच्या वर्षीचा सुटलेला परतावा काढून देतो, त्यातले वीस टक्के त्याचे. भरू का?

उत्तर : भरू नका. कलम १३९(८अ) खालील अद्ययावत विवरणपत्राने परतावा मागता येत नाही आणि आधीचा परतावा वाढवताही येत नाही. ते राहिलेले उत्पन्न दाखवून जास्तीचा कर भरण्यासाठी आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्याची मुदत ४८ महिने झाली असली, तरी जितका उशीर तितका भुर्दंड, म्हणजे कर आणि व्याजाच्या २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम, हा हिशेब आहेच. आपला परतावा खरोखरच सुटला असेल, तर वरच्या उत्तरातील विलंबमाफीचा अर्ज आपल्यालाही लागू पडतो, आणि तो करण्यासाठी कोणाला टक्केवारी द्यावी लागत नाही. त्या एजंटाकडे आपला संकेतशब्द गेला असेल, तर तो आजच बदला आणि नोंदणीकृत मोबाइल व ईमेल आपलेच आहेत ना, हे एकदा तपासून घ्या.